पावसात घेतलेलं माप

आमच्या घराचं मधलं दार आषाढात फुगतं आणि अश्विनात सुटतं. मधले तीन-साडेतीन महिने ते सरळपणे हलत नाही. खांदा लावावा लागतो, खालच्या कोपऱ्यात लाथ घालावी लागते, आणि सूनबाई दर खेपेला म्हणते, "मामंजी, जल्मभर सुतारकी केली तुम्ही, जरा रंधा फिरवा की त्याच्यावर!" मी फिरवत नाही. मग अश्विनात एक सकाळ अशी येते, की कुणी हात न लावता दार वाऱ्यानं सरकतं, चौकटीला जाऊन टेकतं आणि त्याची कडी हलकेच वाजते.

आज ती वाजली. मी ओट्यावर चहाची बशी धरून बसलो होतो. बशी खाली ठेवली आणि तिच्याकडं बघतच राहिलो. सूनबाई बाहेर आली, म्हणाली, "काय झालं? गोड नाही का झाला?" म्हटलं, "चहा चांगला आहे. दार सुटलं." ती हसली आणि आत गेली. तिला काय माहीत, बिचारीला.

लोकांना पावसाळा आठवतो, कुणाला सुगी आठवते. माझा ऋतू म्हणजे या दोहोंच्या मधले हे पंधरा दिवस. ऊन एकदम चावरं होतं. अंगणातलं शेवाळ पापडासारखं उलटं वळतं. रानातून नुकत्याच उपटलेल्या भुईमुगाच्या गाड्या येतात आणि गल्लीभर ओल्या मातीचा वास सुटतो, मग संध्याकाळी घरोघर शेंगा उकडल्याचा. पेठेत झेंडूचे ढीग पडतात. रंकाळ्याचं पाणी निवळतं. सगळीकडं सुकणं, आटणं, सैल पडणं चाललेलं असतं. लोकांना बरं वाटतं. मला या दिवसांत धड जेवण जात नाही, आणि याला आज काही थोडी वर्षं झाली नाहीत. तेव्हा गादीवर महाराज होते, मी तिशीच्या आत होतो, आणि माझ्याइतका हुशार सुतार कोल्हापुरात दुसरा नाही अशी माझी स्वतःची खात्री होती.

आमचे आबा सुतारकीतले दोनच नियम सांगायचे. एक, दोनदा मोजावं आणि एकदा कापावं. तो काय, सगळेच सांगतात. दुसरा त्यांचा स्वतःचा होता. ते म्हणायचे, "पावसात दार तासू नगंस. गिऱ्हाईक बोंबलंल, तुला शिव्या घालंल, पर तू तासू नगंस. आज अडतंय म्हणून तासशील, आन् थंडीत त्याच फटीतनं कुत्रं आत येईल." हे मी लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. माझ्या गिऱ्हाइकांनाही ऐकवलं होतं, तेसुद्धा वर मान करून. आणि तरी मी ते केलं. दाराच्या बाबतीत नव्हे. दाराच्या बाबतीत केलं असतं तर एका घराला गार वारं लागलं असतं, एवढंच. मी एका माणसाची नोकरी घालवली, आणि तिच्याबरोबर त्याचं नावही.

त्या माणसाचं नाव बाबालाल. जातीचा पिंजारी, पण घरचं काम सोडून छावणीकडच्या साहेबांच्या क्लबात मार्कर म्हणून लागलेला. आता मार्कर म्हणजे काय हे आमच्या गल्लीतही कुणाला नीट कळायचं नाही. क्लबात एक प्रचंड टेबल होतं, वर हिरवी बनात, म्हणजे लोकरी कापड, ताणून बसवलेली, कडेला सहा भोकं आणि प्रत्येक भोकाखाली जाळीची पिशवी. पंधरा तांबडे गोळे एका टोकाला त्रिकोणात मांडायचे, दुसऱ्या टोकाकडून काठीनं पांढरा गोळा मारून ते फोडायचे, आणि मग एकेक करून पिशवीत घालायचे. हा साहेबांचा खेळ. गोळे मांडायचे, काठ्यांना खडू लावायचा, बनात झाडायची आणि कुणाचे किती झाले ते मोठ्यानं सांगायचं, हे मार्करचं काम. बाबालाल माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा होता. कमरेला तांबडा पट्टा, काळी दाढी बारीक कातरलेली, आणि हात असे की बघत राहावं. पिंजाऱ्याच्या घरचे हात ते. कापसाला दुखणार नाही असा धरायची सवय असते त्यांना.

गोळे हस्तिदंताचे होते. त्या वर्षी जेठात नवा संच विलायतेहून आला होता, आणि बाबालालनं तो भाताच्या कोंड्यात पुरून ठेवला होता. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो. म्हटलं, "अंडी उबवताय काय, बाबालालभाई?" तो म्हणाला, "हसू नगा मिस्त्री. ह्ये बी एके काळी जित्याच्या तोंडात हुतं. ह्येला हवा लागती." मला वाटलं, म्हातारा होत चाललाय. हस्तिदंत म्हणजे दगड, त्याला कसली हवा लागते!

मला तिथं बोलावलं होतं ते त्रिकोणासाठी. गोळे ज्यात घालून मांडतात तो लाकडी त्रिकोण, बाबालाल त्याला तिकोन म्हणायचा. जुना विलायती होता, तांबूस काळ्या लाकडाचा, वीस-पंचवीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेला. आषाढाच्या ओलीनं त्याचा सरस सुटला होता आणि एक कोपरा उघडला होता. बाबालाल म्हणाला, "नुसता सांदून द्या मिस्त्री. चांगला हाय त्यो. माझ्या हाताला बसलाय." सरस तापवायचा, दोन दिवस दोरीनं बांधून ठेवायचा, संपलं. पण माझ्या डोक्यात किडा शिरला. विलायती कारागीर आत खाच कशी करतात हे मला बघायचं होतं. घरी नेला आणि तिन्ही कोपरे करवतीनं कापून बघितले. काही विशेष नव्हतं. आपल्यासारखीच खाच. मग ते तुकडे घेऊन परत कुठल्या तोंडानं जायचं? म्हणून सेक्रेटरी साहेबाला सांगून टाकलं, जुना आतून किडलाय, मी नवा करून देतो.

सेक्रेटरी साहेब म्हणजे त्या क्लबाचा कारभार बघणारा गोरा. उंच, घाऱ्या डोळ्यांचा, मराठी न येणारा, पण हिंदुस्थानीवर गाडी हाकणारा. तो पद्धतीचा माणूस. म्हणाला, एकाचं ऐकणार नाही, दोन-तीन करून आणा, शेजारी शेजारी ठेवून बघू. त्यानं हुपरीच्या एका चांदीकाम करणाऱ्याकडूनही एक करवून घेतला, पातळ पांढऱ्या धातूचा. माझ्यासाठी हे फार मोठं होतं. त्या दिवसांत संस्थानात कारागिरी शिकवायची नवी शाळा निघणार होती, आणि तिथं सुतारकामाचा मास्तर म्हणून लागायचं तर अशा एखाद्या साहेबाची चिठ्ठी सोन्याच्या मोलाची होती.

श्रावणातली दुपार होती. बाहेर नुसती झड लागलेली. क्लबातल्या त्या खोलीत बनातीला कुबट वास येत होता, काचा घामेजल्या होत्या. गोळे कोंड्यातून काढून, पुसून ठेवले होते. मी चार दिवस आधीच येऊन त्यांचं माप घेऊन गेलो होतो, पंधराच्या पंधरा ओळीत लावून, फूटपट्टीनं, दोनदा. आबांचा पहिला नियम मी अगदी कटाक्षानं पाळला होता.

हुपरीचा त्रिकोण आधी मांडला. दिसायला नवरीच्या पैंजणासारखा. पण धातू तो धातू, गोळ्याला लागला की किण्ण करून वाजायचा आणि बाबालालच्या कपाळावर आठी पडायची, कारण तशा ठोक्यानं हस्तिदंताला तडा जातो. शिवाय इतका हलका, की उचलताना हात जरासा तिरका झाला की कडेचा गोळा त्याच्याबरोबर ओढला जायचा. त्रिकोणाची खरी परीक्षा मांडताना नसते, उचलताना असते. मांडतो कोणीही. आपलं काम झालं की कुणालाही धक्का न लावता वर निघून जाता आलं पाहिजे.

मग माझा. मुरलेलं सागवान, आबांनी छपराखाली पंधरा वर्षं वाळवलेलं. कोपरे आतून गोल घासलेले, आतल्या अंगाला जुन्या बनातीची पट्टी चिकटवलेली, वजन असं की बोटाखाली स्थिर बसावा. पंधरा गोळे आत घातले, पुढं ओढला, मागं घेतला, उचलला. गोळे एकमेकांना असे चिकटलेले की मधून कागद जाऊ नये. साहेबानं पांढरा गोळा मारला, तर खळ्ळ करून चहूकडं उधळले. "शाबास मिस्त्री!" तो म्हणाला. माझी छाती फुगली. त्या खोलीत त्या दिवशी सगळंच फुगलेलं होतं, पण ते मला कुठं कळत होतं!

मग साहेबानं गंमत म्हणून बाबालालला विचारलं, तू कशानं मांडशील? बाबालालनं काही न घेता दोन्ही हातांचे पंजे पसरले, मनगटं जुळवली, अंगठ्यांनी मागून रेटलं आणि हातांचाच तिकोन करून पंधराही गोळे गोळा केले. हात काढून घेतले, एकही हलला नाही. साहेबानं टाळ्या वाजवल्या. पण म्हणाला, हात आज एक, उद्या दुसरा. माप कायम. आणि माझा त्रिकोण ठेवून घेतला.

बाबालालनं तो उचलून बघितला, आतून बोट फिरवलं, आणि मला हळूच म्हणाला, "काम झ्याक हाय मिस्त्री. आता थंडीत बगू." मला राग आला. वाटलं, जळतोय. याच्या हाताची किंमत उतरली ना, म्हणून जळतोय. परतताना पावसात भिजत मी रस्ताभर त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. माणूस आपल्यावर शंका घेतो तेव्हा त्याच्या शंकेत काही अर्थ आहे का, हे बघायला आपण शेवटी जातो. आधी त्याच्या पोटात काय दुखतंय ते शोधतो.

भादवा ओसरला. अश्विन लागला आणि ऊन पडलं. असं ऊन, की आठ दिवसांत भिंती पांढऱ्या पडल्या. गल्लीतली दारं एकेक करून सुटायला लागली. रात्रंदिवस करकर वाजणारी ती दारं गप्प झाली. मी घराघरांतून जात-येत होतो, कड्या बसवत होतो, लोकांना सांगत होतो, "बघा, म्हटलं होतं ना, तासू नका म्हणून? आटलं का नाही आपोआप?" हे मी स्वतःच्या तोंडानं सांगत होतो हो! आणि क्लबातल्या खोलीत कोंड्यात ठेवलेले ते पंधरा गोळे त्याच उन्हात, त्याच आठवड्यात, त्याच कारणानं आटत होते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. लाकूड माझं होतं. दात हत्तीचा होता. माझ्या लाकडाची मला काळजी, हत्तीच्या दाताचं मला काय!

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. रंधा, करवत, पटाशी, वाकस, फूटपट्टी, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा झाली की उचलायचं. त्या खंडेनवमीला भर दुपारी बाबालाल आमच्या दारात आला. घामानं डवरलेला, तिकोन फडक्यात गुंडाळून काखेत मारलेला.

"मिस्त्री, सैल पडतोय ह्यो."

"सैल कसा पडेल? मुरलेलं सागवान आहे."

"लाकडाला न्हाय म्हणत मी. गोळं आटल्यात. उद्या सायबांच्या खेळाची म्याच हाय. बेळगावास्नं पावना सायेब आलाय. आतनं आनी एक बनातीची पट्टी चिकटवा, भागतंय. घटकाभराचं काम हाय."

घटकाभराचं काम होतं, खरं आहे. सरस चुलीवर वितळायला जेवढा वेळ लागतो तेवढं. पण मी म्हणालो, "आज खंडेनवमी. आज आमच्यात हत्याराला हात लावत नाहीत. तुम्हाला कसं कळायचं ते."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. बाबालाल जन्मापासून याच पेठेत राहिलेला, दरसाल आपट्याचं सोनं घेऊन आमच्या घरी येणारा माणूस. त्याला खंडेनवमी माझ्याइतकीच माहीत होती. तो म्हणाला, "हत्यार नगा उचलू. सरस तेवढा द्या, मी लावतो." मी म्हटलं, "उद्याचं उद्या बघू." तो तिकोन काखेत घेऊन तसाच उन्हात परत गेला. आमच्या मंडळींनी आतून ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "अहो, पाणी तरी विचारायचं!"

आणि त्याच संध्याकाळी शेजारीण पाट घेऊन आली, पाय निखळला होता, घरी पाहुणे जेवायचे होते, तर मी माळ बाजूला सारून हातोडी उचलली आणि दोन खिळे ठोकून दिले. खंडेनवमीचं मला तेव्हा काही वाटलं नाही. देवाच्या नावावर आपण काय काय खपवतो, देवालाच ठाऊक.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी साहेबांचा सामना होता. संध्याकाळी महाराजांची स्वारी निघायची, ती बघायला बाहेरगावचे साहेब आलेले, त्यांच्यासाठी हा खेळ ठेवलेला. मला सेक्रेटरी साहेबानं मुद्दाम बोलावलं होतं, पाहुण्याला कारागीर दाखवायला. मी पूजा उरकली, नवं धोतर नेसलो, पटका बांधला, फूटपट्टी कमरेला खोवली आणि गेलो. पट्टीवर हळदकुंकवाची बोटं तशीच होती.

पाहुणा साहेब तांबड्या मानेचा होता. बाबालालनं गोळे मांडले. पांढरा गोळा आला, लागला, आणि आवाज असा झाला, ठप्प. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. पुढचे दोन-तीन गोळे हलले, मागचे जागच्या जागी. पाहुण्यानं काठी आपटली. दुसरा डाव. या वेळी बाबालालनं तिकोनाच्या आत दोन्ही हातांची बोटं घातली आणि मागून रेटून रेटून गोळे जुळवायला लागला, कारण सैल तिकोनात दुसरा इलाजच नव्हता. पाहुण्यानं ती बोटं बघितली आणि ओरडला. त्या ओरडण्याचा अर्थ एवढाच, की हा नोकर आपल्या साहेबाला जिंकवायला गोळे मुद्दाम सैल ठेवतो, त्याची बोटं आत काय करतात ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बाबालाल ताठ उभा राहिला. म्हणाला, "सायेब, तिकोन पावसात केलाय. तवा गोळं फुगलं हुतं. आता ऊन पडलं, आटल्यात."

साहेब लोक हसायला लागले. पाहुणा म्हणाला, "हाथी का दाँत सूखता है?" आणि आणखी हसले. सेक्रेटरी साहेब मात्र हसला नाही. तो पद्धतीचा माणूस होता, त्यानं माझ्याकडं बोट केलं. म्हणाला, मिस्त्री, तू बघ. तिकोन ठीक आहे का नाही?

मी टेबलाजवळ गेलो. पट्टी काढली. आतून मोजलं, तिन्ही बाजू, दोनदा. माप श्रावणात होतं तेच होतं, केसभर इकडं नाही की तिकडं नाही. मग मी तिकोन गोळ्यांवर ठेवला आणि तळहातानं जरासा सरकवला. आतल्या आत गोळे हलले. माझ्या हाताला ते लागलं. त्या क्षणी मला सगळं कळलं. आबांचा नियम, गल्लीतली दारं, कोंडा, "थंडीत बगू", सगळं एका दमात कळलं. तोंड वर केलं तर समोर बाबालाल. तो माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काळजी गेल्याची खूण होती. त्याला वाटलं, आता झालं, सुतार आहे, याला कळलं, हा सांगेल.

मी म्हणालो, "साहेब, माप बरोबर आहे. लाकूड जरासुद्धा हललेलं नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यानंतर मी इतक्या वर्षांत त्या वाक्याची इतक्यांदा तपासणी केली आहे, त्यात खोटं सापडत नाही. साहेबानं विचारलं, म्हणजे चूक माणसाची? मी खाली बनातीकडं बघितलं. हिरव्या बनातीवर माझ्या पट्टीचं कुंकू सांडलं होतं, ते मी बोटानं पुसत बसलो. शाळेची जागा डोळ्यांसमोर होती. माझाच तिकोन चुकलाय असं मी त्या चार गोऱ्यांपुढं म्हणालो असतो तर चिठ्ठी मिळाली नसती, एवढंच मला दिसत होतं. आणि कदाचित मिळालीही असती, कोण जाणे. पद्धतीचा माणूस होता तो.

बाबालालला तिथंच काढून टाकलं. त्यानं कमरेचा तांबडा पट्टा सोडला, नीट घडी घातली आणि गोळ्यांच्या पेटीवर ठेवला. जाताना माझ्याजवळ थांबला. हळूच विचारलं, "मिस्त्री, माप पावसातच घेतलं हुतं न्हवं?" तेवढंच. मी म्हणालो, "नंतर बोलू." तो पायऱ्या उतरून गेला. सामना पुढं चालू झाला, दुसऱ्या खेळात, ज्याला तिकोन लागत नाही.

त्या संध्याकाळी स्वारी निघाली. हत्ती, घोडे, भालदार, चोपदार, शहर लोटलेलं. मी गेलो नाही. पोटात दुखतंय म्हणून घरी बसलो. खरी भीती वेगळी होती. दरसाल स्वारीनंतर बाबालाल आपट्याची पानं घेऊन यायचा, आधी आबांच्या पाया पडायचा, मग माझ्या हातात पानं ठेवायचा आणि म्हणायचा, "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." मी दिवेलागणीपासून दाराकडं डोळे लावून होतो, आला तर काय बोलायचं याची जुळवाजुळव करत. त्या वर्षी तो आला नाही.

चिठ्ठी मिळाली. शाळा मिळाली. मी मास्तर झालो. पेठेत बातमी पसरली की बाबालालला साहेबानं लबाडीसाठी काढलं. मशिदीच्या कट्ट्यावर लोक त्याला सरकून जागा देत, पण त्या सरकण्यात काय असतं ते जागा घेणाऱ्याला कळतं. त्याच्या थोरल्या मुलीची ठरत आलेली सोयरीक त्या थंडीत मोडली. हे मला आमच्या मंडळींनी सांगितलं, आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मी ताटावरून उठलो.

अजून एक सांगायचं राहिलं, आणि तेच सांगायला सगळ्यात जड जातं. पुढच्या आषाढात क्लबाची खिडकी दुरुस्त करायला मला बोलावलं. बाहेर झड लागली होती. नवा मार्कर पावसाच्या तोंडावरच लागला होता, तोवर हा खेळ बंद होता; तो गोळे मांडत होता, माझ्याच तिकोनात. मांडले, उचलला. चिकटून बसलेले, घट्ट. सेक्रेटरी साहेबानं मारला आणि खळ्ळ करून उधळले. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "देखो मिस्त्री, नया आदमी, बिलकुल ठीक!" म्हणजे बाबालालची लबाडी त्याच्या दृष्टीनं आता सिद्धच झाली. आणि मला तर बाबालालचा खरेपणा समोर टेबलावर मांडून दाखवला होता, पंधरा गोळ्यांनी. पाऊस आला, फुगले. एवढं उघड. त्या दिवशी मला कशाची भीती नव्हती, जागा पक्की झाली होती. एक वाक्य बोललो असतो तर चाललं असतं. मी खिडकीची खुंटी ठोकत राहिलो. दसऱ्याच्या दिवशी घाबरलो होतो म्हणून स्वतःला समजावता येतं. या आषाढाला काय म्हणू?

बाबालाल घरच्या धंद्याला परत लागला. पिंजण खांद्याला, गल्लोगल्ली. अश्विन-कार्तिकात, थंडीआधी, लोक गाद्या-वाकळा उसवून कापूस पिंजून घेतात. त्या दिवसांत त्याच्या पिंजणाच्या तातेचा आवाज यायचा, टुंग, टुंग, टुंग, आणि मी वर्गात असलो तर माझा खडू थांबायचा. एका वर्षी आमच्या मंडळींनीच त्याला हाक मारली. मुद्दाम मारली असावी. मग दरसाल तो यायचा. मला "मास्तर" म्हणायचा. मिस्त्री पुन्हा कधी म्हणाला नाही. मधल्या खोलीत कापूस पसरून बसायचा, दार लोटून घ्यायचा, कापूस उडू नये म्हणून. दार आटलेलं, मध्ये फट. तो चिमूटभर कापूस त्या फटीत बोटानं बसवायचा आणि म्हणायचा, "पावसापतोर ऱ्हाऊ द्या येवढा." एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं.

पंचवीस वर्षं गेली अशी. शाळेतून मी निवृत्त झालो, मंडळी गेल्या, महाराजही गेले. एका अश्विनात तो असाच बसला होता, दाढी आता कापसात मिसळून जाईल अशी झालेली. मी उंबऱ्यावर बसलो आणि म्हणून टाकलं. "बाबालालभाई, त्या दसऱ्याला मला कळलं होतं. तिकोन हाताखाली घेतला तेव्हाच कळलं होतं."

त्यानं बोटानं तात धरली. आवाज थांबला. कापसाचे तंतू हवेत तरंगत होते ते खाली बसले.

"मला ठावं हाय की," तो म्हणाला. "तुमचा हात मी बगितला हुता. हातावरनं कळतंय मला."

"मग त्याच वेळी बोलला का नाही?"

"मी बोललो न्हवतो व्हय? मी बोललोच की! माझं कोन ऐकतंय?" त्याचा आवाज चढला, पहिल्यांदाच. "मास्तर, तुमचा तिकोन चुकला म्हणून सांगा, आसं मी म्हणतच न्हवतो. तुमची चिठ्ठी मला बी ठावं हुती. नुसतं येवढंच म्हणायचं हुतं तुमी, 'सायेब, पावसात दार बी फुगतंय.' बास. सुताराच्या तोंडचं हुतं ते. त्यांनी ऐकलं आसतं. ल्हान पोराला ठावं असतंय ते, आन् तुमाला बोलता आलं न्हाई."

मी हात जोडले. काय बोललो ते आठवत नाही, माफीचंच काहीतरी.

"माफी मागू नगा," तो म्हणाला. "मी देनार न्हाय. पोरीचं लगीन मोडलं त्या थंडीत. ती आजून घरात हाय." मग त्यानं तातेवरचं बोट काढलं. "कापूस मातुर नीट पिंजून देतो. त्येचा त्येच्यात काय दोष न्हाय."

आणि पिंजून दिला. त्या वाकळेइतकी ऊब मला दुसऱ्या कुठल्या वाकळेत लागली नाही. त्या थंडीत मी ती पांघरून रोज जागा राहिलो. पुढच्या साली बाबालाल आला नाही. मोहरमच्या आधीच गेला म्हणून कळलं. मी मातीला गेलो होतो, मागं उभा राहिलो.

आज दार सुटलं तेव्हा सगळं पुन्हा आलं. दुपारी सूनबाई फटीकडं बोट दाखवून म्हणाली, "मामंजी, एक पट्टी तरी मारा, वारं येतंय." तिथं बाबालालनं बसवलेला कापूस अजून आहे, मळून काळा झालेला. मी कुणाला काढू देत नाही. मी दारापाशी गेलो, त्याच्यावर हात ठेवला आणि दर अश्विनात म्हणतो ते मोठ्यानं म्हणालो, "साहेब, पावसात दारही फुगतं."

आतून सूनबाईनं विचारलं, "काय म्हणालात?"

म्हटलं, "काही नाही. उशीर झाला."